झटका मशीनसाठी पाण्यावरची पॉलिमर बॅटरी घरच्या घरी जमेल का, आणि खरंच स्वस्त पडेल का?

वावरातला_केमिस्ट

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढून राह्यलो, लांबला तर सांभाळून घ्या. गाव पांढरकवड्याकडं, जंगलाला लागून सहा एकर वावर, कापूस अन् तूर. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी., तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो.

आमच्याकडं रानडुक्कर अन् रोह्याचा (नीलगाईचा) त्रास किती आहे ते इथल्या लोकांना सांगायची गरज नाही. कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं झटका मशीन आहे, सोलरवालं, आत 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची शिशाची बंद बॅटरी. दोन वर्षांत ही तिसरी. मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात बॅटरी अक्षरशः शिजते, कारण शिशाच्या बॅटरीचं गणित असं की 25 अंशाच्या वर दर 8-10 अंशाला आयुष्य साधारण निम्मं होतं आणि आपल्याकडं बाहेरच 45 असते तर डब्यात काय असेल विचार करा. मागच्या हंगामात तूर शेंगात असताना बॅटरी बसली, आम्हाला कळलं सकाळी, तोवर अर्धा एकर लोळवून टाकला होता. बाबा साठीच्या पुढचे, तेव्हापासून परत जागलीला जातात.

म्हणून डोक्यात बसलं की पाण्यावर चालणारी, न पेटणारी बॅटरी पॉलिमरच्या इलेक्ट्रोडनं करून पाहायची. निगेटिव्हला जस्ताचा पत्रा, पॉझिटिव्हला पॉलिअ‍ॅनिलीन, मध्ये झिंक सल्फेटचं पाणी. पॉलिअ‍ॅनिलीन म्हणजे वीज वाहून नेणारं प्लास्टिक. अशा पॉलिमरच्या शोधासाठी 2000 साली हीगर, मॅकडायर्मिड अन् शिराकावा यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. कॉलेजच्या लॅबमध्ये फ्यूम हूडखाली दोन-दोन ग्रॅमचे चार घाणे काढले, रंग बरोबर हिरवागार आला, त्याचे छोटे सेल 1.3 व्होल्टला चालू झाले. पण चाळीस-पन्नास वेळा चार्ज केल्यावर बसतात. ज्यानं कोणी असलं काम केलं असेल त्यानं सांगावं, आणि खर्चाचं पण सांगावं, कारण महाग पडत असेल तर बाबांना समजावता येणार नाही.

रोही_त्रस्त

भाऊ विषय लय जवळचा काढला. आमच्या इकडं तर बॅटरी बसली की मशीनचा टकटक आवाज बंद होते अन् डुकराले बी तो आवाज कळते असं माह्या मनात येते, त्याच रात्री कळप घुसते. मले केमिस्ट्री समजत नाही पण एक सांग, हे पाण्याची बॅटरी म्हणजे पाणी पेटत नाही म्हणून चांगली का आणखी काही? आणि शिशाच्या बॅटरीत पण पाणीच राह्यते ना.

रसायन_मास्तर

रोही_त्रस्त, प्रश्न अगदी बरोबर आहे. शिशाची बॅटरी पण पाण्यावरचीच, 1859 साली प्लाँते यांनी काढली आणि अजून चालू आहे. पाण्याची अडचण अशी की 1.23 व्होल्टच्या वर दाब दिला की पाणी फुटून हायड्रोजन अन् ऑक्सिजन सुटायला लागतो. शिशावर हायड्रोजन सुटायला फार कुचराई करतो म्हणून तिथं सेलमागं 2 व्होल्ट मिळतात. जस्तावर पण तो बराच अडतो, म्हणून जस्त पाण्यात चालतं, पण पूर्ण थांबत नाही. हळूहळू वायू सुटतच राहतो. तेव्हा वावरातल्या_केमिस्टने सेल हवाबंद केला असेल तर आधी झाकणाला बारीक भोक पाडावं, फुगून फुटला तर आंबट पाणी अंगावर येईल.

मी वणीकडं शाळेत आहे, पण एम.एस्सी.ला असताना पॉलिअ‍ॅनिलीन केलं होतं. हे नवीन काही नाही बरं का, एकोणिसाव्या शतकात सुती कापड काळं करायला हेच वापरायचे, अ‍ॅनिलीन ब्लॅक म्हणून. आपल्या कापसावर दीडशे वर्षांपूर्वी हा पदार्थ चढत होता, फक्त त्यातनं वीज जाते हे कोणी मोजलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. सेल बसतात त्याची मला तीन कारणं दिसतात. पहिलं, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप. पॉलिअ‍ॅनिलीन आंबट असेल तोवरच हिरवं आणि वीज वाहणारं असतं, आंबटपणा गेला की निळं पडतं आणि मग ते नुसतं प्लास्टिक. झिंक सल्फेटचं पाणी जेमतेम आंबट, पीएच 4 ते 5. त्यात ते हळूहळू निकामी होतं. दुसरं, जास्त चार्ज. सेलवर 1.5 च्या वर वारंवार नेलं तर पॉलिमरची साखळीच तुटते, त्याचे क्विनोन नावाचे छोटे रेणू होऊन पाण्यात उतरतात, पाणी पिवळट तपकिरी होतं. तुमचं झालं होतं का तसं? तिसरं जस्ताचं, पत्र्यावर पांढरी पापडी धरते का ते बघा.

वावरातला_केमिस्ट

सर, हो, तिन्ही. पाणी चहासारखं झालं होतं आणि मला वाटलं पत्र्यातलं लोखंड उतरलं. पांढरी पापडी पण आहे. चार्जर मी जुना मोबाईलचा लावून दिला होता मध्ये रेझिस्टन्स टाकून, रात्रभर, म्हणजे कुठवर गेला असेल देव जाणे. झिंक सल्फेट कृषी केंद्रातलं घेतलं होतं, शेतात टाकतो तेच, 21 टक्केवालं.

परदेशी_वैदर्भी

मूळची अमरावतीची, सध्या देशाबाहेर, काम ऊर्जा साठवणुकीतच आहे, त्यामुळं धागा बघून राहवलं नाही.

दादा खताचं झिंक सल्फेट बंद करा आधी. पिकाला त्यातलं लोखंड, शिसं, तांबं थोडं असलं तर चालतं पण बॅटरीत लोखंड अन् तांब्यासारखे धातू जस्तावर बसतात आणि तिथूनच हायड्रोजन सुटायला लागतो, म्हणजे सेल काही न करता आपोआप उतरतो. लॅब ग्रेडचं घ्या किंवा खताचं घेतलं तर विरघळवून त्यात जस्ताचा चुरा टाकून रात्रभर ठेवा, तांबं अन् शिसं चुऱ्यावर येऊन बसतं, मग गाळा. लोखंड तेवढ्यानं जात नाही हे लक्षात ठेवा. आणि पाणी बॅटरीचंच वापरा, डिस्टिल्ड. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातलं कोणी हे करत असेल तर विहिरीचं पाणी अजिबात नको, त्यातलं क्लोराईड स्टीलच्या जाळीला भोकं पाडतं.

पॉलिमरच का, हे कोणी विचारलं नाही पण सांगते. क्विनोनसारखे छोटे रेणू पण वीज साठवतात, स्वस्त असतात, पण ते पाण्यात विरघळून दुसऱ्या बाजूला जातात आणि तिथं बसून बॅटरी उतरवतात. त्यांची साखळी केली, म्हणजे पॉलिमर केला, की ते जागेवर राहतात. 2017 साली क्विनोनचे इलेक्ट्रोड पाण्यावरच्या बॅटऱ्यांत फार मोठ्या आयुष्याचे करून दाखवले आहेत, आंबट, साध्या आणि अल्कधर्मी अशा सगळ्या पाण्यात. पॉलिइमाइड नावाचा दुसरा प्रकार आहे, तो तर जस्ताच्या जागी निगेटिव्हला चालतो, म्हणजे धातूच नको. पण हे सगळं तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये करणं अवघड, पॉलिअ‍ॅनिलीन सोपं आहे म्हणून तिथूनच सुरुवात केली ते बरोबर केलंत.

पीएचवर उपाय आहे. अ‍ॅनिलीन एकट्याचा पॉलिमर न करता त्यात थोडं मेटानिलिक अ‍ॅसिड मिसळून करा. त्याला सल्फोनिक गट असतो, तो साखळीलाच चिकटलेला राहतो, त्यामुळं बाहेरचं पाणी कमी आंबट असलं तरी पॉलिमर स्वतःजवळ आंबटपणा धरून ठेवतो. जस्ताबरोबर हे खूप चांगलं चालतं.

हिंगणघाट_बॅटरी

माझं बॅटरीचं दुकान आहे, रिपेअरिंग, चार्जिंग, स्प्रे पंपाच्या बॅटऱ्या सगळं. तीस वर्ष झाले. केमिस्ट्री तुमच्याएवढी नाही पण दुकानात बसून जे दिसलं ते सांगतो, रागावू नका.

पहिली गोष्ट 12 व्होल्ट कसे करणार? सेल 1.2 चा धरला तर दहा सेल. चार्ज कंट्रोलर बाजारात मिळतो तो 14.4 ला तोडतो, दहा सेलवर 1.44 म्हणजे तुमच्या मास्तरांनी सांगितलेल्या 1.5 च्या खाली, इथवर नशीब चांगलं. पण झटका मशीन 10.5-11 च्या खाली गेली की बंद. म्हणजे सेलमागं 1.05-1.1. आता मला सांगा तुमचा सेल 1.3 वरून उतरताना एकदम उभा राहतो का सरळ घसरत जातो? शिशाची बॅटरी बराच वेळ उभी राहते अन् मग पडते. तुमची घसरत असेल तर अर्धा माल आत शिल्लक असतानाच मशीन बंद पडेल, अन् तुम्ही म्हणाल बॅटरी कमी आहे.

दुसरी गोष्ट भंगार. शिशाची मेलेली बॅटरी गिऱ्हाईक परत आणतो तेव्हा किलोवर पैसे कापून देतो आपण. तुमच्या बॅटरीला भंगारात काय येईल? जस्ताचं थोडं येईल, काळ्या लगद्याला कोणी विचारणार नाही. किंमत धरताना हे धरा.

वावरातला_केमिस्ट

काका, रागावायचं काय, हेच पाहिजे होतं. आत्ता लॅबमध्ये बसून आलेख काढला. घसरतो. 1.35 वरून 0.7 पर्यंत जवळपास सरळ रेषेत. 1.05 ला थांबलो तर अर्ध्याच्या आसपासच निघते. मी आत्तापर्यंत 0.7 पर्यंतची मोजणी करून खूश होत होतो.

परदेशी_वैदर्भी

काकांनी जे सांगितलं ते मी शोधनिबंध लिहिणाऱ्या लोकांना सांगून थकते. पॉलिअ‍ॅनिलीनचा स्वभावच तो, घसरत जाणारा. उपाय दोन. बारा सेल लावले तर 14.4 वर सेलमागं फक्त 1.2 येतात, पूर्ण चार्ज होणार नाही. म्हणून दहाच ठेवा आणि बॅटरी अन् मशीनच्या मध्ये व्होल्टेज वाढवणारं बूस्ट कन्व्हर्टरचं छोटं बोर्ड टाका, 7-8 व्होल्ट आत गेले तरी बाहेर 12 देणारं. रेडिओ-मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं मिळतं. त्यात थोडी वीज वाया जाते पण निम्मा माल अडकून पडण्यापेक्षा बरं.

आता खर्चाचं नीट मोजू, कारण धाग्याचा मूळ प्रश्न तोच आहे. 7 अँपिअर-तास पाहिजे. पॉलिअ‍ॅनिलीन कागदावर 294 मिलीअँपिअर-तास देतो ग्रॅमला, हातात 100 धरा. म्हणजे सेलमागं 70 ग्रॅम, दहा सेलला 700 ग्रॅम. नेहमीच्या पद्धतीत 2.59 ग्रॅम अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोराईडला 5.71 ग्रॅम अमोनियम परसल्फेट लागतं आणि पॉलिमर मिळतो दोन ग्रॅमच्या थोडा वर. दादांनी दोन-दोन ग्रॅमचे घाणे म्हटलं म्हणजे हीच पद्धत असणार. तर 700 ग्रॅमसाठी पाऊण-एक किलो अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोराईड आणि जवळपास दोन किलो परसल्फेट! लोक म्हणतात पॉलिमर स्वस्त, अ‍ॅनिलीन स्वस्त, पण खरा खर्च साखळी जोडून देणाऱ्या त्या परसल्फेटचा, आणि मग धुवायच्या पाण्याचा, आणि मग करंट गोळा करणाऱ्या जाळीचा. पॉलिअ‍ॅनिलीन वीज वाहतो म्हणतात तो तांब्याच्या लाखाव्या हिश्श्यानं, त्यामुळं त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे वीज वाहणारी काजळीसारखी पूड, मिसळावाच लागतो आणि मागं ग्रॅफाइटची शीट किंवा स्टीलची जाळी लागतेच.

आणखी एक, हे फार लोक विसरतात. चार्ज करताना जस्त पत्र्यावर येतं आणि सल्फेट पॉलिमरमध्ये शिरतं. म्हणजे मीठ पाण्यातून निघून दोन्हीकडं जातं. तर तेवढं मीठ पाण्यात असायला पाहिजे. 7 अँपिअर-तासाला हिशोब केला तर 2 मोलरचं झिंक सल्फेट सेलमागं कमीत कमी 65 मिलिलिटर, प्रत्यक्षात शंभरच्या वर. दहा सेलचं एक लिटरवर पाणी झालं. बॅटरी शिशाच्या बॅटरीपेक्षा हलकी होणार नाही हे आधीच मनाला सांगून ठेवा. कुंपणाच्या खांबाला टांगून राहायची आहे, पाठीवर नाही न्यायची, त्यामुळं वजनानं काही अडत नाही.

हिंगणघाट_बॅटरी

ताई हे मीठ कमी-जास्त होण्याचं मला लगेच कळलं. आमच्याकडं हायड्रोमीटर बुडवून हेच बघतात, बॅटरी उतरली की अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे जडपणा, उतरते, चार्ज झाली की 1250 च्या वर येते. तुमच्यात उलटं होईल ना? चार्ज झाली की पाणी पातळ?

परदेशी_वैदर्भी

काका, शंभर टक्के. चार्ज झाली की पातळ, उतरली की जड. तुम्ही हायड्रोमीटरनं सेलची तब्येत सांगू शकाल, त्याला लॅबचं मशीन नको. आणि दहापैकी एक सेल मागं पडला तर तो कोणता ते पण त्यातच दिसेल.

सेलूची_ताई

मी वर्धा जिल्ह्यातली, बचत गट चालवते, शिवणकाम अन् मसाले. रात्री लाईट गेली की मशीन बंद राहतात म्हणून बॅटरीचं वाचत होते. दोन गोष्टी विचारायच्या. हे काम बायांना करता येण्यासारखं आहे का? आणि अ‍ॅनिलीन हाताला लागलं तर काय? यवतमाळला 2017 मध्ये फवारणीनं जे झालं ते आम्ही विसरलो नाही, नवीन केमिकल म्हटलं की पहिले भीती वाटते.

रसायन_मास्तर

ताई, भीती रास्त आहे आणि ती सोडू नका. अ‍ॅनिलीन कातडीतून शरीरात जातं, रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरेनासं होतं, ओठ-नखं निळी पडतात. तर पॉलिमर बनवायचं काम घरी, अंगणात, गटात कुठंच नको. ते लॅबमध्ये, हूडखाली, हातमोजे घालून, शिकलेल्या माणसानं करायचं. परसल्फेट एकदम ओतलं तर मिश्रण तापतं, ते पण लक्षात ठेवायचं. आणि धुतलेलं पाणी नाल्यात सोडायचं नाही. ते आंबट असतं, त्यात अमोनियम सल्फेट असतं, आणि न जुळलेलं अ‍ॅनिलीन असतं. चुन्यानं आंबटपणा मारता येतो पण अ‍ॅनिलीन चुन्यानं जात नाही, म्हणून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्याच्या ड्रममध्येच. पॉलिमर एकदा नीट धुऊन वाळला की तो हाताळायला पुष्कळ बरा, तरी कोरडी पूड उडवू नये.

पण दुसरा भाग बायांनी करण्यासारखा आहे आणि त्यात तुमचा हात आमच्यापेक्षा चांगला चालेल. इलेक्ट्रोडचा लगदा पसरणं आणि दोन इलेक्ट्रोड एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये कापडाची पिशवी शिवणं. लिथियमच्या बॅटरीत लगदा चिकटवायला पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक वापरतात, त्याला एनएमपी नावाचा घातक सॉल्व्हंट लागतो. आपल्या बॅटरीत सीएमसी चालतं, पाण्यात भिजवलेलं, खळीसारखं. हे सीएमसी सेल्युलोजपासून होतं, सरकीवरच्या बारीक लिंटरपासूनसुद्धा. म्हणजे पुन्हा आपला कापूसच. त्यात थोडं रबराचं लॅटेक्स टाकलं की पापुद्रा तडकत नाही.

सेलूची_ताई

खळ म्हटल्यावर समजलं. पिशवी कशाची शिवायची, मांजरपाट चालेल का? खादी भरपूर आहे आमच्याकडं.

रसायन_मास्तर

मांजरपाट नको, खादी पण नको, मनाला लागलं तरी. आंबट पाण्यात सूत कुजतं, सेल्युलोजची साखळी तुटते. अ‍ॅनिलीन ब्लॅकनं रंगवलेलं कापड लवकर जीर्ण व्हायचं म्हणून रंगारी वैतागायचे, कारण हेच. पॉलिएस्टरचं घट्ट विणीचं कापड घ्या. शिशाच्या मोठ्या ट्युब्युलर बॅटरीत पण पॉलिएस्टरच्याच नळ्या विणलेल्या असतात, काकांना विचारा.

हिंगणघाट_बॅटरी

हो, आहेत माझ्याकडं मेलेल्या इन्व्हर्टर बॅटरीतल्या, धुऊन ठेवल्या आहेत. नमुना पाठवतो.

तुमसरवाला

मी खाणीच्या भागातला. डोंगरी बुजुर्ग, चिखला ही नावं ऐकली असतील, मॉईल या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साईड ड्राय सेलात जातं. जस्त आणि मँगनीज डायऑक्साईडची बॅटरी म्हणजे पेन्सिल सेलच, आणि हल्ली त्याच जोडीला जेमतेम आंबट असलेल्या झिंक सल्फेटच्या पाण्यात परत चार्ज करतात असं वाचलं. माल आपल्या भंडारा जिल्ह्यात निघतो, मग परसल्फेट दोन किलो आणून पॉलिमर कशाला बनवता? सरळ प्रश्न आहे, खोडा घालायचा हेतू नाही.

परदेशी_वैदर्भी

फार चांगला प्रश्न आणि याचं उत्तर मी पॉलिमरच्या बाजूनं ओढून देणार नाही. मँगनीज स्वस्त आहे, व्होल्टेज जास्त मिळतं, 1.3-1.4 च्या आसपास, आणि ग्रॅममागं वीज पण जास्त. त्याचं दुखणं असं की चार्ज-डिस्चार्ज करताना मँगनीज पाण्यात विरघळतं आणि इलेक्ट्रोड झिजतो, म्हणून पाण्यात आधीच मँगनीज सल्फेट टाकून ठेवतात. खाणीचा माल तसाच चालत नाही, परत चार्ज होणाऱ्यासाठी त्याचं रूप बदलावं लागतं.

यात मधला रस्ता आहे, मँगनीज डायऑक्साईडच्या थरांच्या मध्ये पॉलिअ‍ॅनिलीन शिरवायचं. पॉलिमर खांबासारखा थर धरून ठेवतो, ढासळू देत नाही. हे करून दाखवलेलं आहे. त्यात पॉलिमर लागतो थोडासाच, म्हणजे परसल्फेटचा खर्च पण उतरतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर आपल्या भागासाठी पॉलिमरचा नुसता इलेक्ट्रोड महाग पडेल, पण मँगनीज बरोबर थोडा पॉलिमर हे परवडेल. ज्याच्यात रुपयाला जास्त रात्री मिळतात ते धरायचं.

वावरातला_केमिस्ट

ताई हे रुपयाला रात्री हे मोजमाप मला पटलं. मी आत्तापर्यंत ग्रॅमला मिलीअँपिअर-तास मोजत बसलो होतो.

पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडाचं, पण विचारायचं होतं. दर उन्हाळ्यात पऱ्हाट्या जाळतो आम्ही. लाकडात जो लिग्निन नावाचा पदार्थ असतो त्यापासून इलेक्ट्रोड होतो असं ऐकलं.

परदेशी_वैदर्भी

होतो. 2012 साली स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठात लिग्निन आणि पॉलिपायरोल मिसळून पॉझिटिव्ह इलेक्ट्रोड केला होता. लिग्निनमध्ये जे फिनॉल असतात त्यांचे क्विनोन होतात आणि तेच वीज धरतात. त्याच विद्यापीठात पुढं जस्त आणि लिग्निनची बॅटरी केली, पाण्याच्या जागी पोटॅशियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचा जाडसर द्रव. हे पॉलिअ‍ॅक्रिलेट म्हणजे शेतात ओल धरायला जे हायड्रोजेलचे दाणे विकतात त्याच घरातलं. पण तिकडचं लिग्निन कागद कारखान्याच्या काळ्या पाण्यातून येतं, आधीच वेगळं झालेलं. पऱ्हाटीतून लिग्निन काढायचं म्हणजे कॉस्टिकमध्ये उकळायचं, परत आम्ल टाकून खाली बसवायचं, धुवायचं. घरी कॉस्टिक उकळू नका. त्यापेक्षा पऱ्हाटीचा कोळसा बारीक करून कार्बन ब्लॅकच्या जोडीला वापरून बघा, तो कमी वीज वाहतो पण भराव म्हणून चालेल. आणि पूर्ण कार्बन ब्लॅक काढून टाकू नका.

रोही_त्रस्त

मी सगळं वाचून राह्यलो, अर्धं समजलं अर्धं नाही. एवढंच सांगा की उन्हात हे टिकन का? शिशाचं मेलं ते गरमीनंच ना.

वावरातला_केमिस्ट

भाऊ, उन्हाचं खोटं सांगणार नाही. पाणी उडून जाते, दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड टाकावं लागन. जस्त पण गरमीत जास्त खरवडते. फरक एवढाच की शिशाची बंद बॅटरी मेली तर फेकायची, आपली उघडता येते. जस्ताचा पत्रा बदलला, पाणी बदललं, पिशवी नवी, की परत उभी. पॉलिमरचा पापुद्रा जोवर चांगला तोवर चालवायचा. म्हणून आता डबा पण पत्र्याचा नाही, मातीच्या रांजणात सेल ठेवले, वरून ओलं पोतं, अन् बाभळीच्या सावलीत. सोलर पॅनेल तेवढं उन्हात.

वावरातला_केमिस्ट

अपडेट, जवळपास दोन महिन्यांनी.

मेटानिलिक अ‍ॅसिड टाकून पॉलिमर केला, कॉलेजच्या सरांनी परसल्फेट मागवून दिलं, त्यांचे आभार. पूर्ण 7 अँपिअर-तासाचं नाही जमलं, 2 चे दहा सेल केले. सेलूच्या ताईंनी पिशव्या शिवून कुरिअर केल्या, शिवण इतकी बारीक की चार्ज करताना पत्र्यावर उगवणारे जस्ताचे काटे आत्तापर्यंत एकातूनच आरपार गेले. मी फिल्टर पेपर लावायचो तेव्हा पंधरा दिवसांत शॉर्ट व्हायचे. चार्ज कंट्रोलर 14.4 वर, बाहेर बूस्ट बोर्ड. पाणी डिस्टिल्ड, झिंक सल्फेट लॅबचं.

एकवीस रात्री मशीन चालली, ढगाळ दिवस आला त्या दोन रात्री सोडून. 2 अँपिअर-तासात ढगाळ दिवसाचा साठा राहत नाही, ते माहीत होतं. बाबा पहिले आठ दिवस तरी जागलीला गेलेच, मग टकटक आवाज मचाणावरून ऐकून घरी यायला लागले. खर्च अजून शिशाच्या बॅटरीपेक्षा जास्तच आहे, लपवत नाही. ग्रॅफाइट शीट अन् बोर्ड एकदाच घ्यायचं आहे, ते तीन वर्षांवर वाटलं तर जवळ येते, पण तीन वर्ष टिकतील का हे तीन वर्षांनीच सांगीन. पुढचा घाणा तुमसरवाल्यांनी म्हटलेल्या मँगनीजचा, थोडा पॉलिमर घालून.

अडचण एक आहे. सात नंबरचा सेल मागं पडून राह्यला. बाकी 1.4 ला जातात तेव्हा हा 1.15 लाच, अन् संध्याकाळी सगळ्यात आधी हाच बसतो. पाणी स्वच्छ आहे, पिवळं नाही. उघडून पाहू का?

हिंगणघाट_बॅटरी

उघडू नका. पाणी स्वच्छ आहे म्हणजे माल जळला नाही, आत कुठंतरी बारीक शॉर्ट असेल, पिशवीच्या तळाशी बघावं लागेल, हलवलं तर खूण निघून जाते. सात नंबर आणि त्याच्या बाजूचा एक चांगला सेल, दोन्ही उभे धरून सोमवारी दुकानात आणा. दोन्हीची ग्रॅव्हिटी आधी घेतो. बस आडव्या रस्त्यानं येते, मांडीवर ठेवा, खाली ठेवू नका.